वारूळ कुणी फोडलं?

सातारा स्टेशनवर गोंदियाची गाडी हलेपर्यंत नवऱ्याने मला एकच प्रश्न तीनदा विचारला, "म्हणजे रात्रभर गाडीत बसून तू एक बीळ बघायला चाललीस?" तिसऱ्या वेळी समोरच्या बाकावरच्या आजोबांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना नमस्कार केला आणि म्हटलं, "दोनही असू शकतील."

प्रश्न गैर नव्हता. माझं औषधांचं दुकान आहे, संसार आहे, कुरकुरणारे गुडघे आहेत, आणि गेली अकरा वर्षं मला जमिनीत राहणाऱ्या जनावरांचं वेड आहे. साळिंदर, खोकड, खवल्या मांजर. ही मंडळी बघायला मी कोयनेपासून माणदेशापर्यंत झुडपांमागे बसले आणि आजवर जे पाहिलं ती त्यांची दारं. घरमालक एकदाही भेटला नाही. वाघ बघून आलेले लोक वाघाचे फोटो दाखवतात. मी भोकांचे दाखवते. पाहुणे चहा लवकर संपवतात.

या खेपेला मात्र भोकानेच मला बोलावलं होतं. माझी शाळेतली मैत्रीण सुनंदा लग्न होऊन बुलढाण्याला गेली. दिवाळीनंतर तिने एक फोटो पाठवला. शेताच्या बांधावरचं पुरुषभर उंचीचं वारूळ, आणि त्याच्या कुशीत हात कोपरापर्यंत जाईल असं भगदाड. खाली तिने लिहिलं होतं की हे माझ्या मावसभावाने, भास्करने, गुप्तधनासाठी खोदलं असं सगळं गाव म्हणतंय, तो शपथेवर नाही म्हणतो, तू बिळांमधली आहेस, तुला काय दिसतं? मी फोटो मोठा केला. भगदाडाच्या कडेला वाळलेल्या मातीत शेजारी शेजारी तीन खोल रेघा होत्या. कुदळीची रेघ एकच उठते. एका फटक्यात तीन रेघा उठवणारा, आणि तोही वारुळावर, असा मला एकच कामगार माहीत होता. खवल्या मांजर. तो अकरा वर्षं मला टाळत होता. त्या भरात दुकानात खोकल्याचं औषध मागणाऱ्या गृहस्थांना मी पोटाचं दिलं. (ते परत आले. बदलून दिलं.)

सकाळी शेगावला उतरले. स्टेशनबाहेर कढईतून निघालेली कचोरी तळलेल्या मिरचीबरोबर खाल्ली. पहिली भूक म्हणून, दुसरी आवडली म्हणून, आणि तिसरी बसमध्ये लागेल म्हणून, जी बस येण्याआधीच लागली. एसटी वरवट बकालकडे निघाली तशी दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरत गेली. पांढऱ्या कापसात वाकलेल्या बायका, मध्ये तुरीचे हिरवे पट्टे, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी ओळ. ती ओळ तासभर जवळ येत नाही. मग एकदम येते.

वरवट बकालच्या टपरीवर चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. साखरेच्या जागी मीठ पडलंय, असं मी चहावाल्याला सांगितलं. तो कप पुसत म्हणाला, "वरतून नाई पडलं, ताई. मीठ इथं खालूनच येते." हा खारपाणपट्टा (जिथे विहिरीचं पाणीच खारं असतं तो भाग). डोंगराकडे सरकलं की पाणी गोड होतं, असं त्याने समजुतीच्या स्वरात सांगितलं आणि अर्धा चमचा साखर फुकट घातली.

तिथेच मला न्यायला भास्करभाऊ मोटारसायकल घेऊन आले. पन्नाशी उलटलेला उंच, हडकुळा, मितभाषी माणूस. रस्त्यात ते फारसं बोलले नाहीत, पण गाडी थांबली की त्यांची बोटं पेट्रोलच्या टाकीवर आपोआप वाजू लागत. धा, दिं, ता. त्यांचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

भास्करभाऊंच्या पत्नी निर्मलाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या साताऱ्याकडं भोकं नाईत का?" या बाईंचं माझ्या नवऱ्याशी चांगलं जमेल, हे मी तेव्हाच ओळखलं.

जेवायला पऱ्हाटीच्या (कापसाच्या काड्यांच्या) जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. जेवताना सगळी हकीकत निर्मलाबाईंनीच सांगितली. नागपंचमीला गावच्या बाया त्या वारुळाला दूध-लाह्या वाहतात. त्या दिवशी गावात कुणी जमिनीला कुदळसुद्धा लावत नाही. जुन्या वारुळाखाली हंडा असतो आणि नाग त्याची राखण करतो, असा समज आहे. या वर्षी पंचमीनंतर आठच दिवसांत वारूळ फुटलेलं दिसलं. त्या दिवसांत भास्करभाऊ रानडुकरं हाकायला रात्री बॅटरी घेऊन शेतात असत. त्यातच त्यांनी घरावर स्लॅब टाकला. गावाने दोन गोष्टी जोडल्या. दिवाळीनंतर वारूळ पुन्हा फुटलं, तेव्हा उरलेला हंडा काढला, असं ठरलं.

कुणी भांडलं नाही, कुणी पोलिसात गेलं नाही. फक्त वारुळाच्या पलीकडचं शेत ज्यांचं, ते उत्तमराव, गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख, एवढंच म्हणाले की भास्कर, या सप्त्यात तू आराम कर. भास्करभाऊ बावीस वर्षं मंडळाचा पखवाज वाजवतात. सप्ताह आठ दिवसांवर आला होता, आणि पखवाज खोळीत घालून खुंटीला टांगलेला होता. निर्मलाबाई हे सांगत असताना भास्करभाऊंची बोटं ताटाच्या काठावर वाजत होती. बाईंनी ताटात आणखी एक भाकर वाढली, तेव्हा थांबली.

दुपारी आम्ही बांधावर गेलो. वारूळ फोटोत दिसलं त्याहून भव्य होतं. एखादं पडकं देऊळ जमिनीतून वर येत असावं तसं. मी गुडघे टेकले (त्यांनी निषेध नोंदवला) आणि भगदाडात बॅटरीचा उजेड टाकला. तीन रेघा, पुन्हा तीन, पुन्हा तीन. भास्करभाऊंना मी बोटं त्या रेघांत ठेवायला सांगितली. त्यांची मधली तीन बोटं नेमकी बसली. त्यांनी हात काढून पुन्हा ठेवून पाहिला.

तिथून पन्नास पावलांवर नाल्याच्या काठात मला बीळ सापडलं. तोंड मातीने बुजलेलं होतं, आणि ती माती बाहेरून नव्हे, आतून लोटलेली होती. म्हणजे घरमालक घरात होता आणि त्याने दार लावून घेतलं होतं. मी भास्करभाऊंना कुजबुजत सांगितलं की आत खवल्या मांजर आहे, त्याला दात नसतात, ते वाळवी आणि मुंग्या खातं आणि त्यासाठी वारुळं फोडतं. तुमचा हंडा त्याने खाल्ला.

त्यांचा चेहरा उजळला. आत्ताच जाऊन सगळ्या गावाला घेऊन येतो म्हणाले. उठलेही. मग मला ते सांगावं लागलं, जे सांगायचं मी टाळत होते. याच्या खवल्यांना चोरबाजारात मागणी आहे. इथे एक आहे ही गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली की चौथ्या दिवशी कुणीतरी पोतं आणि फावडं घेऊन येतो. हे जनावर पळत नाही, चावत नाही. अंगाचा गोळा करून पडून राहतं, आणि माणूस तो गोळा उचलून पोत्यात टाकतो.

भास्करभाऊ पुन्हा खाली बसले. म्हणाले, "म्हंजे दाखवलं तर ते गेलं, अन् नाई दाखवलं तर मी."

माझ्याकडे तीन पायांचं स्टँड, एक कॅमेरा आणि उतावीळपणा होता. निदान जनावर नांदतं आहे का, हे नक्की करू, म्हणून बिळांच्या नादातली सगळी माणसं करतात तेच मी केलं. निर्मलाबाईंकडून चुलीची राख मागितली, चाळली आणि बिळाच्या तोंडासमोर पातळ पसरली. कडेला काड्या रोवल्या, कॅमेऱ्याचं स्टँड उभं केलं. मग आम्ही तुरीत दबा धरून बसलो. तासाभरात अंधार पडला आणि लाल मुंग्यांना माझ्या सलवारीचा शोध लागला. त्या क्षणी मी ज्या आवाजात ओरडले, त्यानंतर कोणतंही स्वाभिमानी जनावर दार उघडणार नव्हतं. आम्ही घरी गेलो.

पण सकाळी राखेत पावलं होती. एक रांग बाहेर जाणारी, एक आत येणारी, आणि प्रत्येक रांगेच्या मधोमध शेपटीने ओढलेली नागमोडी रेघ. मला राहवलं नाही. मी हात वर करून राखेभोवती नाचले. मी हौशी रंगभूमीवर वीस वर्षं काढली आहेत. माझा नाच लांबून दिसतो.

तो दिसलाच. नाल्यापलीकडे कापूस वेचणाऱ्या बायांनी पाहिला. दुपारपर्यंत गावात बातमी पक्की झाली. भास्करने साताऱ्याहून मांत्रिकीण आणली आहे. ती राख मांडते, काड्या रोवते, सोनं शोधायचं तिपायी यंत्र लावते आणि हंडा लागला की नाचते. संध्याकाळी मंडळाचा निरोप आला की सप्त्यासाठी वडनेर भोलजीचा पखवाजी ठरवला आहे.

निर्मलाबाईंनी मला चहा दिला. या चहात साखर होती, पण आवाजात नव्हती. "ताई," त्या म्हणाल्या, "आता याच्याहून जास्ती मदत नोका करू आमाले."

मला खरंच लाज वाटली. सकाळच्या गाडीने निघते म्हणाले. तेव्हा कोपऱ्यात बसलेले भास्करभाऊ बोलले. "उद्या पहाटं एकडाव पाहू द्या मले. कोनाच्या नावाचं बोलनं मी खाऊन राह्यलो, ते तं पाहू द्या."

उजाडायच्या आधी आम्ही वारुळाजवळच्या तुरीत जाऊन बसलो. या खेपेला मी पायजम्याचे पाय मोज्यांत खोचले होते आणि तोंडात ओढणीचं टोक धरलं होतं. थंडी होती. सातपुड्याची पूर्वेकडे वळलेली कड आधी राखाडी झाली, मग फिकट केशरी. एक टिटवी ओरडून गेली.

आधी आवाज आला. वाळलेल्या शेंगांची टोपली कुणी हळूहळू ओढत आणावी तसा. तुरीच्या ओळीतून काहीतरी बाहेर आलं आणि पहिल्या क्षणी माझ्या डोळ्यांना ते जनावर आहे हेच पटलं नाही. कौलारू घराचं छप्पर उठून चालायला लागलं होतं. ते मागच्या दोन पायांवर चालत होतं, पुढचे दोन पंजे छातीशी धरून, जणू परक्या घरी आलेलं संकोची माणूस. शेपटी जमिनीपासून जेमतेम वर, टोक मातीला घासत. आणि त्या शेपटीच्या बुडाशी, नारळाएवढं, फिकट कोवळ्या खवल्यांचं पिल्लू घट्ट चिकटून बसलेलं. आई प्रत्येक पावलागणिक डुलायची, पिल्लूही डुलायचं.

ती वारुळापाशी थांबली. नाक वर केलं. आम्ही सात-आठ हातांवर होतो. मग ती कामाला लागली. तीन नखं, एक ओढ, आणि मडक्यासारखी कडक माती ढासळून खाली. खर्र, खर्र. घाई नाही, राग नाही. तोंड आत गेलं. तेवढ्यात डोंगराच्या कडेवरून ऊन उतरलं आणि तिच्या अंगावर पडलं. गुळाच्या ढेपेच्या रंगाचे ते खवले, एकावर एक, एकही ओळ न चुकता रचलेले, मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकाच वेळी पेटले. माणसाने पहिली कुदळ घडवायच्या कितीतरी आधीपासून हे काम असंच चाललेलं होतं. पंचमी नव्हती, गाव नव्हतं, गुप्तधन पुरणारं कुणी नव्हतं, तेव्हापासून. मी अकरा वर्षं जे शोधत होते ते माझ्यासमोर न्याहारी करत होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि या वेळी ठेचा खाल्लेला नव्हता.

भास्करभाऊंकडे पाहिलं. त्यांची बोटं गुडघ्यावर होती. पहिल्यांदाच ती पूर्ण स्थिर होती.

आणि तेव्हाच वारुळाच्या पलीकडून, उत्तमरावांच्या तुरीतून, एक माणूस उठून उभा राहिला. धोतर, बंडी, डोक्याला मफलर, हातात खांद्याएवढी काठी. ते स्वतः उत्तमराव होते. भास्करला आणि त्याच्या मांत्रिकिणीला रंगेहाथ धरायला तेही आमच्याइतक्याच पहाटे येऊन बसले होते. "हात वरते करा," असं म्हणत त्यांनी काठी उगारली, आणि मग त्यांच्या पायाशी कोण आहे ते त्यांना दिसलं.

काठी वरच राहिली. जनावराने आपलं अंग आत ओढायला सुरुवात केली. आधी पिल्लू पोटाशी घेतलं, मग डोकं, मग शेपटी वरून लपेटून घेतली. बघता बघता तिथे फक्त एक गोळा उरला. आवाज नाही, हालचाल नाही. उत्तमरावांचा श्वास मला ऐकू येत होता. एक फटका पुरला असता.

"पोरगं हाय तिच्यापाशी," उत्तमराव हळूच म्हणाले आणि काठी खाली ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, पायांतल्या चपलाही काढल्या.

आम्ही तिघं किती वेळ तसेच होतो, सांगता येत नाही. उत्तमरावांच्या पायात पेटका आला, तो त्यांनी चेहरा वेडावाकडा करत, पण आवाज न करता सोसला. शेवटी गोळ्यातून नाक निघालं. मग डोळा. ती उलगडली, पिल्लू पुन्हा शेपटीवर चढलं, आणि ती नाल्याकडे निघून गेली. थोड्या वेळाने बिळाच्या तोंडाशी आतून माती लोटली गेली. दार लागलं.

उत्तमराव वारुळाजवळ बसले. त्यांनीही, न सांगता, ताज्या रेघांत तीन बोटं ठेवली. त्यांनी भास्करभाऊंना विचारलं की हे ठाऊक होतं तर गावाला का नाही दाखवलं. भास्करभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खवल्यांचं, पोत्याचं, फावड्याचं सगळं सांगितलं.

"मंग आता तुह्यं कसं?" त्यांनी विचारलं.

"माह्यं काय, भाऊ," भास्करभाऊ म्हणाले. "तुमाले कळलं ना. झालं."

उत्तमराव चपला हातातच घेऊन निघून गेले.

त्या संध्याकाळी मीही देवळात गेले. हरिपाठ संपला. लोक उठायला लागले, तेव्हा उत्तमरावांनी त्यांना बसायला सांगितलं. ते म्हणाले की वारूळ त्यांच्या ट्रॅक्टरनं फुटलं, दोन्ही वेळेला. लाज वाटली म्हणून बोलले नाहीत. भास्करचा काही दोष नाही.

मग मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शंका काढली की नांगराने भगदाड असं गोल कसं पडेल?

"गोलच पडलं," उत्तमराव म्हणाले. "मी पाडलं, मले माहीत."

"अन् येवढं खोल?"

"ट्रॅक्टर नवा हाय."

बायांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली, आणि मग ती कुजबुज राहिली नाही. पंचमीच्या वारुळाला धक्का लावून चार महिने दुसऱ्याला बोल लावू दिला, हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. उत्तमरावांच्या चुलतभावजयीने सगळ्यांसमोर सुनावलं, "भाऊजी, टाळ हाती घ्यायची लाज नाई वाटली का तुमाले?" उत्तमराव मान खाली घालून उभे राहिले. मग दंड ठरला. वारुळाला नारळ, सप्त्याच्या एका दिवसाची पंगत त्यांच्याकडून, आणि या वर्षी सप्त्याची मानाची वीणा दुसऱ्याच्या गळ्यात. त्यांनी सगळं मान्य केलं. एकदाही भास्करभाऊंकडे पाहिलं नाही. मी वीस वर्षं नाटकं केली आहेत, पण आपल्याच गावासमोर, आपल्याच तोंडाने, आपलीच इज्जत अशी खाली ठेवताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. वडनेर भोलजीच्या पखवाज्याला येऊ नको असा निरोप ते स्वतःच देणार होते. जाता जाता एवढंच म्हणाले, "भास्कर, पखवाज काढून ठेव."

सकाळी मी निघाले तेव्हा निर्मलाबाई कणीक मळत होत्या. पोळ्यांपुरती मळून झाल्यावर त्यांनी आणखी एक मूठभर गोळा वेगळा मळला. पखवाजाच्या डाव्या पुडीला (चामडी तोंडाला) कणकेचा लेप लावतात, म्हणजे आवाज भरदार निघतो. भास्करभाऊ खोळ काढून अंगणात बसले होते. मला सोडायला त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं. "तुमी पुन्हा या, पन नाचू नोका," निर्मलाबाई म्हणाल्या आणि भाकरीची पुरचुंडी हातात दिली. मोटारसायकल वळणावर गेली तरी पखवाज ऐकू येत होता.

साताऱ्याला आल्यावर सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिसलं. कुठे? बुलढाणा जिल्ह्यात. बुलढाण्यात कुठे? डोंगराच्या अलीकडे. लोकांना वाटतं मी भाव खाते आहे. फोटो मागतात, तर फोटो नाही. त्या पहाटे कॅमेरा मी पिशवीतून काढलाच नव्हता. गावात भास्करभाऊ, निर्मलाबाई आणि उत्तमराव यांच्याशिवाय आजही हे कुणाला ठाऊक नाही, आणि उत्तमरावांच्या ट्रॅक्टरची चेष्टा चालूच आहे, असं सुनंदा सांगते. त्या जनावराला धड आवाजही नाही. पण त्याच्यापायी एका माणसाने खोटं बोलणं पत्करलं, दुसरा खरं सांगायचं सोडायला तयार झाला, आणि माझ्यासारखी बडबडी बाई इतकं सगळं सांगूनसुद्धा गावाचं नाव मात्र पोटात ठेवून बसली आहे.